नोंदवही आणि मतपेटी : पूर्व लॉस एंजेलिसमधील पोलिसी जुलमाविरुद्धचा लढा

पोलिसी जुलमाचा इतिहास लिहायला बसणाऱ्यापुढे पहिली अडचण साधनांची येते. ठाण्यातली डायरी पोलिसांची, पंचनामा पोलिसांचा, पंचही पुष्कळदा त्यांच्याच ओळखीचे. मार खाणाऱ्याकडे पुरावा म्हणून अंगावरचे वळ तेवढे असतात आणि ते महिन्याभरात बुजतात. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत एका रात्री शिपाई आले होते. सकाळी माझे वडील तक्रार द्यायला ठाण्यावर गेले, तर दिवस मावळेपर्यंत त्यांनाच तिथे बसवून ठेवले. घरात लिहिता-वाचता येणारे कोणी नव्हते. त्यामुळे ती रात्र नेमकी कोणत्या तारखेची, हे इतिहास शिकवणाऱ्या मला आज सांगता येत नाही.

ज्या समाजाजवळ आपल्यावरील अन्यायाची तारीख नसते, त्याने जबाब कोणाला आणि कशाच्या आधारे विचारायचा? ह्या प्रश्नाशी अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी लोकांनी लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागात पाऊणशे वर्षांहून अधिक काळ झुंज दिली आहे. अमेरिकेतील काळ्या जनतेच्या लढ्याची ओळख आपल्या चळवळीला आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच तिकडून घेतले. परंतु त्याच देशातील लॅटिनो जनतेचा लढा आपल्या वाचनात फारसा आला नाही. पोलिसांना जाब विचारणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घेण्यासाठी तो लढा तपशिलाने पाहिला पाहिजे.

१

लॉस एंजेलिस हे गाव १७८१ साली स्पॅनिश राजवटीत वसले, पुढे ते मेक्सिकोचे झाले आणि १८४८ च्या तहाने अमेरिकेच्या ताब्यात गेले. म्हणजे ज्यांना पुढे ‘परके’ म्हणून हिणवले गेले, त्यांच्यातील काहींचे पूर्वज अमेरिकन राज्य येण्याआधीपासून त्या भूमीवर राहत होते. बाकीचे विसाव्या शतकात रेल्वे, शेतमळे, वीटभट्ट्या आणि कारखाने ह्यांसाठी मजूर म्हणून आले. मजुरी हवी तेव्हा त्यांना बोलावले गेले आणि १९३० नंतरच्या मंदीत लाखोंना गाड्यांत घालून मेक्सिकोला धाडले गेले. त्यांत अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्याने अमेरिकन नागरिक असलेली मुलेही होती.

शहराच्या पूर्वेस नदी आहे. नदीपलीकडे बॉइल हाइट्स हा भाग. इतरत्र ज्यांना घर मिळत नसे असे मेक्सिकन, ज्यू, जपानी असे नाना लोक तेथे एकत्र राहत. त्याच्याही पूर्वेला ईस्ट लॉस एंजेलिस ही वस्ती लागते. दोन्ही भाग एकमेकांना चिकटलेले, लोक एकाच भाषेचे आणि एकाच हलाखीतले. परंतु बॉइल हाइट्स शहराच्या हद्दीत येते. तेथे शहराचे पोलीस आणि शहराची नगरसभा. ईस्ट लॉस एंजेलिसला स्वतःची नगरपालिकाच नाही. तो भाग काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, थेट कारभाराखाली येतो आणि तेथे सत्ता चालते शेरीफची. शेरीफ हा सबंध काउंटीतून निवडून येणारा अधिकारी. वाचकांनी हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे एका प्रकरणात गुन्हेगार पोलीस तुरुंगात गेले आणि दुसऱ्यात एकावरही खटला झाला नाही, त्याचा उलगडा ह्या भेदावाचून होत नाही.

२

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘स्लीपी लगून’ नावाच्या एका पाणवठ्याजवळ एक मेक्सिकन तरुण मरणासन्न अवस्थेत सापडला आणि पुढे मरण पावला. पोलिसांनी सुमारे ६०० मेक्सिकन तरुणांची धरपकड केली. २२ जणांवर खटला भरला. आरोपींना कित्येक दिवस केस कापू दिले नाहीत की कपडे बदलू दिले नाहीत; ज्यूरीसमोर ते गुंड दिसले पाहिजेत, हा हेतू. आपल्या वकिलांशेजारी त्यांना बसू दिले गेले नाही. जानेवारी १९४३ मध्ये त्यांतील १७ जणांना शिक्षा झाल्या.

ह्या प्रकरणात एक कागद मोठा बोलका आहे. शेरीफच्या खात्यातील एडवर्ड ड्युरान आयर्स ह्या अधिकाऱ्याने ग्रँड ज्यूरीपुढे एक निवेदन ठेवले. मेक्सिकन माणसात अॅझटेकांचे रक्त आहे, सबब हिंसा त्याच्या रक्तातच आहे, असे त्याचे प्रतिपादन. आपल्या वाचकांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागे हीच कल्पना होती. गुन्हा माणूस करीत नाही, जात करते. म्हणून पुरावा शोधण्याची गरज नाही, जन्म पाहिला की पुरे. भारतात तो कायदा १९५२ साली गेला, परंतु पारध्याच्या पालावर पहाटे पडणारी धाड त्यानंतरही थांबली नाही. पोलिसाच्या डोक्यातला कायदा पुस्तकातल्या कायद्यापेक्षा जास्त टिकतो.

जून १९४३ मध्ये खलाशी आणि सैनिक टोळ्याटोळ्यांनी शहरात शिरले. ढगळ, लांब कोटाचा ‘झूट सूट’ घालणाऱ्या मेक्सिकन तरुणांना त्यांनी रस्त्यात गाठून मारले, कपडे फाडून नागवे केले. पोलीस मागून येत आणि मार खाल्लेल्यांनाच अटक करीत.

परंतु ह्याच काळात एक नवी गोष्टही घडली. स्लीपी लगूनच्या आरोपींसाठी बचाव समिती स्थापन झाली. लेखक कॅरी मॅकविल्यम्स तिचे अध्यक्ष होते. जोसेफिना फिएरो, लुइसा मोरेनो, अॅलिस मॅकग्रा ह्या स्त्रियांनी पैसा आणि पाठिंबा उभा केला. ऑक्टोबर १९४४ मध्ये अपील कोर्टाने सर्व शिक्षा रद्द केल्या. पोलीस म्हणतात ते खोटे ठरू शकते, एवढा धडा वस्तीला मिळाला. ज्यांनी खोटा खटला रचला त्यांना मात्र कोणी काही विचारले नाही.

३

युद्धावरून परतलेली मेक्सिकन मुले आता गप्प बसणारी नव्हती. क्षयरोग निवारणाच्या कामात आरोग्यशिक्षक असलेले एडवर्ड रॉयबल १९४७ मध्ये नगरसभेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. पराभवानंतर त्यांचे सहकारी पांगले नाहीत. पोलाद कारखान्यातील कामगार टोनी रिओस, शिवणकामगार संघटनेतील मारिया डुरान अशी ती माणसे होती. फ्रेड रॉस नावाच्या एका गोऱ्या संघटकाच्या मदतीने त्यांनी ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन’ (सीएसओ) ही संस्था उभी केली.

तिची कामाची पद्धत साधी होती. मोठ्या सभा आणि मोठे वक्ते ह्यांच्यापेक्षा लोकांच्या घरात बैठका भरवण्यावर तिचा भर होता. शेजारपाजारचे दहा-पंधरा लोक जमत. काय त्रास आहे, असे त्यांनाच विचारले जाई. गटार नाही, दिवे नाहीत, मुलांना शाळेत स्पॅनिश बोलले म्हणून मारतात. आणि बहुतेक घरांत निघणारा विषय पोलिसांचा. तक्रारी लिहून घेतल्या जात. त्याच जोडीला कार्यकर्ते मतदार नोंदणीचे अधिकृत काम पत्करीत आणि दारोदार फिरत. अशा रीतीने सुमारे १५,००० नवे मतदार यादीत आले. १९४९ मध्ये रॉयबल निवडून आले. साठहून अधिक वर्षांनी मेक्सिकन वंशाचा माणूस लॉस एंजेलिसच्या नगरसभेत बसला.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. घरातल्या बैठकीत मारहाणीची तक्रार सांगणारी बाई आणि मतदार यादीत नाव घालणारी बाई ही एकच होती. नोंदवही आणि मतपेटी अशी दोन वेगळी खाती ह्या संस्थेत नव्हती. पुढील कसोटीला ती टिकली ती ह्यामुळे.

४

ही कसोटी १९५१ च्या नाताळात आली. २४ डिसेंबरच्या रात्री एका मद्यगृहात दोन पोलीस आणि काही तरुण ह्यांच्यात झटापट झाली. सात तरुणांना धरण्यात आले. त्यांतील पाच मेक्सिकन वंशाचे, दोन गोरे. मध्यवर्ती ठाण्यात त्या वेळी नाताळची पार्टी चालली होती, दारू वाहत होती. झटापटीत एका पोलिसाचा डोळा गेला, अशी खोटी अफवा उठली. मग सुमारे ५० पोलिसांनी पाळीपाळीने ह्या कैद्यांना दीड तासाच्या वर तुडवले. हाडे मोडली, आतले अवयव फुटले. शंभराहून अधिक माणसांना हे ठाऊक होते. वर्तमानपत्रांत मात्र प्रथम छापून आले ते पोलिसांना झालेल्या मारहाणीचे वृत्त.

पुढच्याच महिन्यात आणखी एक प्रकरण घडले. साध्या वेषातील दोन पोलीस एका माणसाला मारीत असता टोनी रिओस मध्ये पडले. ते सीएसओचे प्रमुख कार्यकर्ते होते. त्यांना आणि त्यांच्या सोबत्याला ठाण्यात नेऊन मारले गेले आणि पोलीस कामात अडथळा आणल्याचा आरोप त्यांच्यावरच ठेवला गेला. तक्रार करणाऱ्याला आरोपी करण्याची ही रीत जगात सर्वत्र सारखीच दिसते. परंतु ह्या वेळी आरोपीच्या मागे संघटना होती, वकील होते, नगरसभेत आपला माणूस होता. मार्च १९५२ मध्ये ज्यूरीने रिओस ह्यांना निर्दोष सोडले.

त्याच महिन्यात नाताळच्या कैद्यांवरच मारामारीचा खटला चालला. सहा जण दोषी ठरले. पण कोठडीतल्या मारहाणीची हकीकत कोर्टात आल्यावर न्यायाधीश जोसेफ कॉल ह्यांनी स्वतंत्र चौकशीची मागणी केली. सीएसओने साचवलेल्या तक्रारी, रॉयबल ह्यांचा नगरसभेतील आवाज, जागी झालेली वृत्तपत्रे असा दाब वाढत गेला. ग्रँड ज्यूरीने आठ पोलिसांवर आरोप ठेवले. पाच दोषी ठरले. त्यांतील एकालाच वर्षाहून अधिक शिक्षा झाली. ५४ जणांच्या बदल्या झाल्या, ३९ निलंबित झाले. त्या शहराच्या पोलिसांना अत्याचाराबद्दल कोर्टाने शिक्षा देण्याची ही पहिली वेळ मानली जाते.

विजय झाला, पण त्यातून खात्यानेही आपल्यापुरता धडा घेतला. पोलीसप्रमुख विल्यम पार्कर ह्यांनी खात्यांतर्गत चौकशी विभागाला बळ दिले. वरवर ही सुधारणा होती. प्रत्यक्षात पोलिसाची तक्रार पोलिसानेच तपासायची, बाहेरच्या नागरिकाने त्यात डोकावायचे नाही, ही भिंत तिने पक्की केली. वस्ती नागरिकांचे स्वतंत्र मंडळ मागत राहिली आणि खाते म्हणत राहिले, आम्ही आमचे घर स्वच्छ ठेवण्यास समर्थ आहोत.

५

आता नदीपलीकडून आणखी पूर्वेला, शेरीफच्या मुलखात जाऊ. १९६० नंतर आलेल्या पिढीने स्वतःला ‘चिकानो’ म्हणवून घेतले. पूर्वी हा शब्द हेटाळणीचा होता. त्यांनी तो मानाने धारण केला. आपण ‘दलित’ शब्दाला जो अर्थ दिला त्याची येथे आठवण होते. मार्च १९६८ मध्ये पूर्व भागातील शाळांतून हजारो विद्यार्थी बाहेर पडले. साल कॅस्ट्रो हे शिक्षक त्यांच्याबरोबर होते. कॅस्ट्रोंसह तेरा जणांवर कटाचे आरोप ठेवले गेले, ते पुढे टिकले नाहीत. ‘ब्राउन बेरे’ ही तरुणांची संघटना शेरीफच्या ठाण्यासमोर निदर्शने करी. एका चर्चच्या तळघरातून ‘ला रासा’ हे पत्र निघे आणि त्याचे कार्यकर्ते कॅमेरा घेऊन फिरत. वहीच्या जोडीला आता छायाचित्र आले होते.

२९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये २० ते ३० हजार लोकांचा मोर्चा निघाला. चिकानो मुले आपल्या लोकसंख्येच्या मानाने जास्त संख्येने युद्धात मरत आहेत, हे मोर्च्याचे म्हणणे होते. लगूना पार्कमध्ये सभा शांतपणे चालली होती; बायका-मुले गवतावर बसली होती. जवळच्या एका दारूच्या दुकानातील किरकोळ गोंधळाचे निमित्त झाले आणि शेरीफच्या शिपायांनी पार्कवर चाल केली. लाठ्या आणि अश्रुधूर. त्या दिवसाच्या धामधुमीत तीन माणसे दगावली.

त्यांतील एक रूबेन सालाझार. लॉस एंजेलिस टाइम्सचे स्तंभलेखक आणि केएमईएक्स ह्या स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्राचे वृत्तसंचालक. ह्या वस्तीची बाजू मोठ्या वृत्तपत्रात मांडणारा हा माणूस. पोलिसी गोळीबाराबद्दल लिहू लागल्यापासून तो पोलीस अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलत होता. ते ‘सिल्व्हर डॉलर’ नावाच्या मद्यगृहात बसले असता शेरीफच्या एका शिपायाने दाराच्या पडद्यातून अश्रुधुराचे नळकांडे आत झाडले. भिंत भेदण्यासाठी बनवलेले ते नळकांडे डोक्यात बसून सालाझार जागीच गेले.

रस्त्यापलीकडून ‘ला रासा’च्या राउल रुइझ आणि जो राझो ह्यांनी छायाचित्रे घेतली होती. दाराकडे रोखलेली बंदूक त्यांत स्पष्ट दिसत होती. कोरोनरची चौकशी १६ दिवस चालली आणि ती दूरचित्रवाणीवरून दाखवली गेली. सबंध शहराने ती घरी बसून पाहिली. ज्यूरीतील चौघांनी, तिघांच्या विरोधात, मृत्यू ‘दुसऱ्याच्या हातून’ झाला असे ठरवले. आणि सरकारी वकिलाने जाहीर केले की कोणावरही खटला भरणार नाही. १९७३ मध्ये काउंटीने कुटुंबाला ७ लाख डॉलर भरपाई दिली. लगूना पार्कला पुढे सालाझार ह्यांचे नाव देण्यात आले.

६

१९५२ मध्ये पुरावा कमी होता. बंद कोठडीतली मारहाण होती. तरी पाच पोलीस दोषी ठरले. १९७० मध्ये भर दिवसा घडलेले, छायाचित्रात सापडलेले, सबंध शहराने पाहिलेले मरण होते. तरी एकही माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही. दोन्ही प्रकरणे एकसारखी नव्हती. ठाण्यात दीड तासाच्या वर केलेली मारहाण आणि दंगलीत झाडलेले नळकांडे ह्यांत कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही.

माझ्या मते खरे कारण हद्दीत आहे. बॉइल हाइट्सजवळ नगरसभेतला एक माणूस होता आणि त्याच्यामागे स्वतः नोंदवलेली हजारो मते होती. ईस्ट लॉस एंजेलिसजवळ नगरसभाच नव्हती. रॉयबल तोवर वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये गेले होते, पण शेरीफ काही काँग्रेसच्या हाताखाली नव्हता. काउंटीचा कारभार पाच पर्यवेक्षक पाहत आणि त्यांत एकही लॅटिनो नव्हता. हा योगायोग नव्हता. १९९० मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने निकाल दिला की लॅटिनो मते फुटून जावीत म्हणून पर्यवेक्षकांनी मतदारसंघांच्या सीमा जाणूनबुजून तशा आखल्या होत्या. सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. त्या मंडळावर शंभराहून अधिक वर्षांत आलेल्या त्या पहिल्या लॅटिनो.

ह्यानंतरचा क्रम पाहावा. डिसेंबर १९९१ मध्ये, गोळीबारांच्या मालिकेने वस्त्या पेटल्या असता, पर्यवेक्षक मंडळाने निवृत्त न्यायाधीश जेम्स कोल्ट्स ह्यांना शेरीफ खात्याच्या चौकशीसाठी नेमले. १९९२ च्या त्यांच्या अहवालात अतिरेकी बळाचा वापर आणि ढिली शिस्त ह्यांवर बोट ठेवले गेले. २०१६ मध्ये नागरी देखरेख आयोग आला. मार्च २०२० मध्ये मतदारांनी त्याला साक्षीदार आणि कागदपत्रे बोलावण्याचा अधिकार दिला. वस्ती १९५२ पासून जे मागत होती त्याचा काही भाग असा अडुसष्ट वर्षांनी हाती आला.

ह्यावरून सारे ठीक झाले असे कोणी समजू नये. सालाझार प्रकरणाची कागदपत्रे पुन्हा तपासून २०११ मध्ये एक अहवाल निघाला. ठरवून मारल्याचा पुरावा नाही, शिपायांच्या चुकांची मालिका मात्र होती, असा त्याचा निष्कर्ष. चाळीस वर्षांनी चूक कबूल झाली, पण शिक्षा देण्याची वेळ निघून गेली होती. ईस्ट लॉस एंजेलिसच्याच ठाण्यात शिपायांची ‘बांदितोस’ नावाची, अंगावर एकच खूण गोंदवून घेणारी टोळी कशी चालते, हे २०२३ मध्ये देखरेख आयोगापुढील अहवालात मांडले गेले. आयोगाला अधिकार मिळाला तरी ठाण्याच्या आतली जात मोडायला आणखी पुष्कळ काही लागते.

७

काही तरुण मित्र विचारतील, मग नोंदी ठेवून उपयोग काय? सोळा दिवसांची चौकशी आणि शेवटी शून्य. आपल्याकडेही चौकशी आयोग नेमले जातात, अहवाल येतात आणि ते कपाटात जातात. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलीस गोळीबारात दहा माणसे मारली गेली आणि सत्र न्यायालयात दोषी ठरवण्याचा निकाल लागला तो २००९ मध्ये. हा संताप खोटा नाही.

परंतु पूर्व लॉस एंजेलिसचा इतिहास मला वेगळे सांगतो. नोंद एकटी पडली तेथे ती हरली. मताशी आणि प्रतिनिधीशी बांधलेली होती तेथे निदान अर्धी जिंकली. आणि जेथे ती हरली, तेथेही वाया गेली नाही. पुढच्या पिढीला सीमा, मंडळ आणि अधिकार मागताना तीच कामी आली. उलट नुसती मते असून वही नसती, तर रॉयबल नगरसभेत उभे राहून काय वाचणार होते? बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ ह्या निवेदनात विधिमंडळाबरोबरच सरकारी नोकऱ्यांतही वाटा मागितला. कायदा राबवणारा हात कोणाचा, हा प्रश्न त्यांनी कधी दृष्टिआड केला नाही, त्याचे कारण हेच आहे.

म्हणून माझ्या वर्गातील मुलांना मी एक काम सांगत असतो. तुमच्या वस्तीत शिपाई येऊन गेले तर त्याच रात्री वार, तारीख, वेळ, बिल्ला क्रमांक आणि पाहणाऱ्यांची नावे वहीत लिहा, आणि अठरा पूर्ण होताच मतदार यादीत नाव घाला. दोन्ही कामे एकाच आठवड्यात करा. माझ्या वडिलांना ठाण्यावर बसवून ठेवले त्या दिवशी आमच्या घरात वही नव्हती. आता ती आहे, आणि तीत लिहिणारे हातही आहेत.